पैशाच्या मूल्याचा आधार

स्वतः उपभोगता न येणारी नोट, नाणे किंवा बँकेच्या खात्यातील आकडा यांच्या बदल्यात लोक वस्तू आणि श्रम का देतात, या प्रश्नाला अर्थशास्त्राने व चलनाच्या इतिहासाने दिलेली उत्तरे या नोंदीत घेतली आहेत. पैशाची नित्याची कार्ये येथे गृहीत धरली आहेत. हे मूल्य निव्वळ परस्परविश्वासावर उभे असते, असे एक मत आहे. त्यामागे धातू, कर किंवा कर्ज असे काही ठोस असलेच पाहिजे, असे दुसरे. हा वाद पुष्कळदा पैशाच्या उत्पत्तीच्या निमित्ताने लढला गेला आहे.

दोन्ही मतांची बीजे ॲरिस्टॉटलकडे (इ. स. पू. ३८४–३२२) सापडतात. राज्यशास्त्रावरील ग्रंथात तो म्हणतो, की धातू मुळात उपयोगी असल्यामुळे देवघेवीत आला आणि दर वेळी वजन करण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यावर ठसा उमटवला गेला. नीतिशास्त्रात मात्र ‘नोमिस्मा’ (नाणे) हा शब्द तो ‘नोमोस’ (संकेत, कायदा) याच्याशी जोडतो आणि नाणे निरुपयोगी ठरवणेही माणसांच्याच हाती असल्याचे सांगतो.

ॲडम स्मिथने (१७७६) वस्तुविनिमयाच्या अडचणींतून पैसा निघाल्याचे वर्णन केले व ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगरने (१८७१) त्याला तर्कशुद्ध रूप दिले. सर्वांत सहज खपणारी वस्तू लोक पुढील सौद्यासाठी स्वीकारू लागतात आणि कोणी न ठरवताच ती माध्यम बनते, असा त्याचा युक्तिवाद होता. याउलट जर्मन अर्थशास्त्रज्ञ गेओर्ग क्नाप याने (१९०५) पैसा ही कायद्याची निर्मिती मानली : राज्य आपल्या तिजोरीत जे स्वीकारते, ते पैसा. ब्रिटिश मुत्सद्दी आल्फ्रेड मिचेल-इनेस याने १९१३ व १९१४ मधील दोन लेखांत पैसा म्हणजे मुळात येणे-देणे असल्याचे प्रतिपादन केले.

पुराव्याचा कल क्नाप व मिचेल-इनेस यांच्या बाजूला अधिक दिसतो. मेसोपोटेमियातील मंदिरे व राजवाडे यांचे हिशेब वजनी चांदीत आणि जवात मांडलेले आढळतात आणि ते पहिल्या नाण्यांहून निदान दीड-दोन हजार वर्षे जुने आहेत. लिडियातील (आजचा पश्चिम तुर्कस्तान) सोने-चांदीच्या मिश्रधातूची नाणी सामान्यतः इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात, मात्र हा काळ पुढेमागे सरकवणारेही आहेत. त्यांतील सर्वांत लहान नाणे मूळ नाण्याचा ९६वा भाग, म्हणजे सुमारे ०.१५ ग्रॅमचे होते. मसुराच्या दाण्याहूनही लहान असा हा तुकडा दर व्यवहारात तोलला जात असेल, हे संभवत नाही. तो वजनाने नव्हे, नगाने मोजूनच घेतला जात असावा. शिवाय या मिश्रणातील सोन्याचे प्रमाण नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, त्यामुळे ठशाला धातूइतकेच महत्त्व असले पाहिजे. तरीही मेंगरचे विवेचन सर्वस्वी बाद होत नाही. उत्पत्ती म्हणून ते डळमळीत असले, तरी एखादे चलन दुसऱ्याला मागे का सारते, हे त्यावरून चांगले उलगडते.

धातूचे मूल्य तरी कितपत स्वयंभू असते, ही शंका रास्त आहे. १८७० च्या सुमारास सोन्याची किंमत चांदीच्या सुमारे साडेपंधरा पट होती. जर्मनीने १८७१–७३ मध्ये सुवर्णचलन स्वीकारले, इतर देशांनीही चांदीची टांकसाळ आवरती घेतली, खाणींतील उत्पादन वाढले आणि शतकाच्या अखेरीस हेच प्रमाण तिसाच्या पुढे गेले. चांदीचे ‘खरे’ मूल्य काही अंशी तिच्या चलनातील वापरामुळेच टिकून होते, असा याचा अर्थ लावता येतो.

अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ रोजी औंसाला ३५ डॉलर या दराने परदेशी मध्यवर्ती बँकांना सोने देणे थांबवल्यानंतर प्रमुख चलनांचा धातूशी औपचारिक संबंध उरला नाही. आजची नोट मध्यवर्ती बँकेच्या ताळेबंदात देणे म्हणून दाखवतात. बँक कर्ज देते तेव्हा नवी ठेव निर्माण होते व परतफेडीने ती नाहीशी होते. कर भरणाऱ्याला आणि कर्जदाराला हाच पैसा मिळवावा लागतो, म्हणून त्याला मागणी राहते. या अर्थी तो निराधार नाही. मात्र हा आधार त्याला किंमत का आहे एवढेच सांगतो, किती आहे हे सांगत नाही. ती पुरवठ्यावरही ठरते.

जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये आलेल्या रेंटेनमार्क या नव्या चलनामागे शेतजमीन व उद्योग यांवरील गहाणासारखा बोजा दाखवला होता. नोट देऊन कोणाला जमीन मिळणार नव्हती, फार तर रोखे मिळणार होते. तरीही १ लाख कोटी जुन्या मार्कांच्या बदल्यात एक या दराने तो स्थिरावला. नोटा काढण्यावर घातलेली मर्यादा पाळली गेली, हे त्याचे अधिक पटणारे कारण आहे.

सर्वांत अडचणीचे उदाहरण इराकचे आहे. १९९३ मध्ये तेथील सरकारने ‘स्विस दिनार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नोटा रद्द केल्या, परंतु बगदादच्या ताब्याबाहेरील उत्तर भागात त्या चालूच राहिल्या. त्यांना कोणत्याही सरकारचे पाठबळ नव्हते, त्यामुळे क्नापच्या कसोटीवर त्या टिकायला नको होत्या. पण त्या प्रकारच्या नव्या नोटा निघणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. उलट बगदादने भरमसाट छापलेला दिनार घसरत गेला. पुढे येणारी राजवट या नोटांची जबाबदारी घेईल, ही अपेक्षाही त्यांच्या किमतीत मुरलेली असावी. ऑक्टोबर २००३ मध्ये दोन्ही दिनारांची नव्या दिनाराशी अदलाबदल सुरू झाली, तेव्हा एका स्विस दिनाराला १५० नवे दिनार मिळाले; बगदादने छापलेल्या दिनाराला एकास एक.