एस्टोनियाचे स्टार्टअप विश्व

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा, साडेतेरा लाखांच्या आसपास वस्तीचा देश. तेथील स्टार्टअप कंपन्या राजधानी ताल्लिन आणि विद्यापीठाचे शहर तार्तू या दोन ठिकाणी एकवटल्या आहेत. इंटरनेटवरून फोन करण्याचे स्काइप येथे घडले; जुगारी खेळांचे सॉफ्टवेअर बनवणारी प्लेटेक, परदेशी पैसे पाठवणारी वाइज, टॅक्सीसेवेची बोल्ट, विक्रीचे सॉफ्टवेअर बनवणारी पाइपड्राइव्ह, ऑनलाइन ओळख पडताळणारी व्हेरिफ यांची मुळेही येथलीच. लोकसंख्येच्या मानाने मोजले तर अब्ज डॉलर मूल्याच्या कंपन्यांत (‘युनिकॉर्न’) एस्टोनिया युरोपात अगदी पुढे आहे. याचे श्रेय बहुतेक वेळा सरकारच्या डिजिटल कारभाराला दिले जाते. ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे स्काइपमधून बाहेर पडलेल्या माणसांचे आणि त्यांच्या पैशाचे.

२० ऑगस्ट १९९१ रोजी देश सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा तिजोरीत फारसे काही नव्हते. मात्र ताल्लिनमध्ये १९६० पासून सायबरनेटिक्स संस्था होती आणि तिने घडवलेले गणिती व संगणकतज्ज्ञ होते. १९९२ मध्ये पंतप्रधान झालेले मार्ट लार अवघे ३२ वर्षांचे होते. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या ‘व्याघ्रझेप’ (तीग्रिह्युप्पे) योजनेतून काही वर्षांतच शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोहोचले.

सरकारी खात्यांच्या माहितीसाठ्यांना जोडणारी ‘एक्स-रोड’ यंत्रणा २००१ ची, चिप असलेले ओळखपत्र २००२ चे. सगळी माहिती एका जागी गोळा न करता ती त्या त्या खात्याकडेच राहू द्यायची आणि लागेल तेव्हा सुरक्षितपणे मागवायची, ही एक्स-रोडची कल्पना. एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागायची नाही, असा दंडक. ओळखपत्राला दोन पिन असतात : चार आकडी ओळख पटवायला, पाच आकडी सही करायला. कंपनीची नोंदणी याच दोन पिनांवर घरबसल्या होते. १८ मिनिटांत कंपनी नोंदल्याचा किस्सा ताल्लिनमध्ये पाहुण्यांना आवर्जून ऐकवतात. कंपनीने नफा वाटला नाही तर २००० पासून त्यावर आयकर नाही. लाभांश दिला तरच कर बसतो, २०२५ पासून २२ टक्के. नव्या कंपनीला पहिली काही वर्षे नफाच नसतो, म्हणून या सवलतीचा गाजावाजा थोडा जास्तच होतो. खरा फायदा हिशेब सुटसुटीत राहण्याचा.

स्काइप २००३ मध्ये सुरू झाले. संस्थापक निक्लास झेनस्ट्रॉम स्वीडनचे आणि यानुस फ्रीस डेन्मार्कचे. पण सॉफ्टवेअर लिहिले आह्ती हाइन्ला, प्रीत कासेसालू, यान ताल्लिन या एस्टोनियनांनी. २००५ मध्ये ईबे या अमेरिकी ऑनलाइन लिलाव कंपनीने ते सुमारे २.६ अब्ज डॉलरला घेतले. देशात श्रीमंत तंत्रज्ञांची पहिली पिढी तयार झाली. त्यांनी तो पैसा इतरांच्या कंपन्यांत घातलाच, शिवाय जगभर विकायचा माल पहिल्या दिवसापासून कसा बांधायचा हे शिकलेली माणसेही बाजारात आली.

वाइजची गोष्ट याच वर्तुळातली. स्काइपचे सुरुवातीचे कर्मचारी तावेत हिन्रिकुस लंडनमध्ये राहत, पगार युरोत घेत. त्यांचे मित्र क्रिस्तो कारमन यांना पगार पौंडात, तर एस्टोनियातील घराचे कर्ज युरोत. बँकेला कमिशन देण्यापेक्षा दोघे आपापसांत अदलाबदल करू लागले : एकाने दुसऱ्याच्या ब्रिटिश खात्यात पौंड भरायचे, दुसऱ्याने पहिल्याच्या एस्टोनियन खात्यात युरो. त्यातून २०११ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली. २०२१ मध्ये ती तेथील शेअर बाजारात आली. बोल्ट १९ वर्षांच्या मार्कुस विलिग यांनी २०१३ मध्ये आईवडिलांकडून ५,००० युरो उसने घेऊन सुरू केली. घरची बाजारपेठ एवढीशी, की टॅक्सीचा हा धंदा थोड्याच काळात परदेशी न्यावा लागला.

नव्या कंपन्यांना जागा दिली ती ताल्लिनमधल्या जुन्या कारखान्यांनी : तेलिस्किवी भागात रेल्वेचे कारखाने होते, तर युलेमिस्ते सिटी द्विगातेल कारखान्याच्या आवारात वसली. २०१० पासून ‘गराज४८’ हे ४८ तासांचे मेळावे भरतात. शुक्रवारी संध्याकाळी कल्पना मांडायची, रविवारी चालता नमुना दाखवायचा.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘ई-रेसिडेन्सी’ सुरू झाली. हे नागरिकत्व नव्हे, व्हिसाही नव्हे. परदेशातून एस्टोनियन कंपनी चालवण्याचे डिजिटल ओळखपत्र आहे. एक लाखाहून अधिक जणांनी ते घेतले असून त्यांत भारतीयही आहेत. अर्ज ऑनलाइन, पण बोटांचे ठसे द्यायला दूतावास किंवा ठरवून दिलेले केंद्र गाठावेच लागते. आणि कंपनी मिनिटांत नोंदली तरी बँकेचे खाते मिळणे वेगळीच कटकट ठरते, विशेषतः २०१८ मध्ये डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या ताल्लिन शाखेतून सुमारे २०० अब्ज युरोंचे संशयास्पद व्यवहार झाल्याचे उघड झाल्यापासून.

डिजिटल पायाही अभेद्य नाही. २००७ मध्ये मोठे सायबर हल्ले झाले; २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि प्रमाणपत्रे स्थगित करून दुरुस्ती करावी लागली. रोजची अडचण मात्र माणसांची आहे. अभियंते पुरत नाहीत, म्हणून २०१७ पासून स्टार्टअप व्हिसा देऊन बाहेरून माणसे बोलावली जातात. ईशान्येकडील रशियन भाषक इदा-विरू जिल्ह्यात मात्र ही भरभराट अजून फारशी पोहोचलेली नाही.