थेट बहुकॅमेरा सर्व्हरची व्हिडिओ मांडणी

थेट बहुकॅमेरा सर्व्हरची व्हिडिओ मांडणी म्हणजे अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी नोंदवणाऱ्या, आणि कार्यक्रम चालू असतानाच त्यांतला हवा तो क्षण पुन्हा दाखवणाऱ्या सर्व्हरवर चित्राची गती, आकार, समकालन, संकोचन व रंगप्रमाण आधीच ठरवून देणे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक केले. अशा सामन्यांतले रिप्ले याच जातीच्या सर्व्हरवरून दाखवले जातात. गावातल्या संगीतसभेचे चार कॅमेऱ्यांचे प्रक्षेपणही आता याच पद्धतीने होते.

नवखे तंत्रज्ञ प्रथम चित्राच्या आकाराकडे, म्हणजे एचडी की फोरके याकडे पाहतात. खरे तर आधी गती, म्हणजे सेकंदाला किती चित्रे, हे ठरवावे लागते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे आणि दूरचित्रवाणी पाल पद्धतीतून वाढलेली आहे, म्हणून येथे सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे, किंवा ५० आंतरगुंफित फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे), हेच प्रमाण धरतात. मोबाइल फोन मात्र सहसा ३० वा ६० चित्रांवर लावलेले असतात. ६० चित्रांचा असा फोन ५० च्या सर्व्हरला जोडला, की साध्या रूपांतरात दर सहाव्या चित्राला गळती लागते. वक्त्याच्या चेहऱ्यावर ते कळत नाही. द्रुत लयीत चाललेल्या तबलजीच्या बोटांवर लगेच कळते, आणि ख्यालगायकीचे घराणे ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या ग्वाल्हेरचे श्रोते तबलजीच्या बोटांकडे पाहतातच.

दिव्यांचा प्रश्नही गतीशीच बांधलेला आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. सेकंदाला ५० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याशी हा ताल जुळतो, परंतु १५० चित्रे घेणाऱ्या अतिसंथगती कॅमेऱ्याशी जुळत नाही. जुन्या धातू-हॅलाइड प्रकाशझोतांखालच्या रात्रीच्या सामन्यात संथ केलेला चेंडू म्हणूनच लुकलुकत्या उजेडातून येताना दिसतो, आणि सर्व्हरवरची कोणतीही साधी सेटिंग हा दोष पुरता घालवू शकत नाही. असा कॅमेरा जुन्या जोडणीत सर्व्हरची तीन प्रवेशद्वारे अडवतो, त्यामुळे किती मार्ग नोंदणीला आणि किती दाखवण्याला द्यायचे याचा हिशेब तारा ओढण्यापूर्वीच करावा लागतो.

गती ठरल्यावर समकालन येते. सर्व कॅमेरे, मिक्सर (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे ते निवडणारे यंत्र) व सर्व्हर यांना एकाच संदर्भ-संकेतावर बांधण्याला जेनलॉक म्हणतात. ही सोय नसलेल्या कॅमेऱ्याचे चित्र सर्व्हर क्षणभर रोखून रांगेत बसवतो. २५ चित्रांच्या प्रमाणात एक चित्र म्हणजे ४० मिलिसेकंद. बिनतारी किंवा नेटवर्कवरून येणाऱ्या कॅमेऱ्यांना याहून अधिक उशीर होतो. तो मोजून आवाजही तितकाच मागे ठेवावा लागतो.

संकोचनात, म्हणजे चित्र कमी जागेत बसवताना, प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवणारा कोडेक (संकोचनाची पद्धत) घ्यावा. शेजारच्या चित्रांवर विसंबणारे कोडेक जागा वाचवतात, पण रिप्ले पुढेमागे नेणारी नियंत्रण-चकती उलटी फिरवली की अडखळतात. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने एका कॅमेऱ्याची तासभराची नोंद ४५ गिगाबाइट होते. आठ कॅमेऱ्यांची ३६० गिगाबाइट.

एचडी प्रक्षेपणाचे रंगप्रमाण रेक. ७०९ हे आहे. एखादा कॅमेरा चुकून एचएलजीवर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणाऱ्या एचडीआर चित्राच्या प्रमाणावर) राहिला, तर मिक्सरवर कट घेताच तोच गायक फिका पडलेला दिसतो.

बहुतेक सर्व्हरांत गतीचे प्रमाण बदलल्यावर यंत्र पुन्हा चालू करावे लागते आणि आधीच्या प्रमाणातल्या नोंदी नव्यांबरोबर वाजवता येत नाहीत; मध्यंतरात हा बदल करणे म्हणजे पूर्वार्धाचे सारे रिप्ले गमावणे होय.