रीमा लागू या श्रीराम लागूंच्या सूनबाई? छे!

आडनाव एकच, म्हणून रीमाताईंना डॉ. श्रीराम लागूंची सून, कधी चक्क मुलगी ठरवणारे आजही भेटतात. दोन्ही चूक. लागू हे त्यांचं सासरचं आडनाव, पण पती अभिनेते विवेक लागू हे डॉक्टरांचे चिरंजीव नव्हेत.

माहेरच्या त्या नयन भडभडे, रंगभूमीवरच्या मंदाकिनी भडभडे यांची लेक. अभिनय आला तो आईकडून, सासऱ्याच्या वशिल्याने नव्हे! 'पुरुष' नाटकात नाना पाटेकरांसमोर त्या उभ्या राहिल्या, 'तू तू मैं मैं'मध्ये खाष्ट सासू रंगवली.

आणि 'वास्तव'मधली ती आई? १९५८चा जन्म, म्हणजे पडद्यावरच्या लेकाहून, संजय दत्तहून, जेमतेम वर्षभराने मोठी.