म्हातारपणी बुवांची पट्टी का उतरते?

तळकोकणात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीला, बसलं की जाणत्या कानाला एक गोष्ट चटकन कळते. दोघांपैकी जो बुवा सत्तरीकडे झुकलेला असतो, तो पेटीची पट्टी वयाप्रमाणे उतरवून घेतो. वरचे सूर ओढताना दम लागतो आणि ओळ मध्येच तुटते. गंमत अशी की बारी संपल्यावर तेच बुवा पान जमवत गप्पा मारायला लागले, की बोलण्याचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक, थोडा चिरका लागतो. म्हणजे गाण्याची पट्टी उतरली आणि बोलण्याची चढली. घरोघरच्या आज्यांचं याच्या उलट. त्यांचा आवाज वयाबरोबर जाडा होतो, आणि मुंबईहून फोन करणारा नातू आजीलाच विचारतो, "कोण, आजो काय?"

या सगळ्याचं मूळ गळ्यातल्या दोन लहानशा घड्यांमध्ये, म्हणजे स्वरतंतूंमध्ये, आहे. स्वरतंतूंची लांबी पुरुषांत साधारण 17 ते 21 मिलिमीटर आणि स्त्रियांत 11 ते 15 मिलिमीटर असते. फुफ्फुसातून वर येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटतात. पुरुष बोलताना सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाई बोलताना साधारण दोनशे वेळा. तासभर भजन म्हणणाऱ्या बुवांच्या गळ्यात ही आपटाआपटी काही लाखांच्या घरात जाते. एवढा मार खाऊनही हे तंतू वर्षानुवर्षं टिकतात, ते त्यांच्या बांधणीमुळे.

जपानमधल्या कुरुमे विद्यापीठाचे मिनोरू हिरानो यांनी 1974 साली या बांधणीची नीट फोड केली. स्वरतंतू एकसंध नसतो, त्याला थर असतात. सगळ्यात वर पातळ त्वचेसारखं अस्तर. त्याखालचा थर शहाळ्यातल्या कोवळ्या मलईइतका लिबलिबीत. आवाजाची लाट खरी उठते ती याच थरात. त्याखाली इलास्टिनचे लवचिक धागे, मग कोलॅजेनचे चिवट धागे, आणि तळाशी स्नायू. वरचं आवरण सैल आणि आतला गाभा घट्ट, म्हणून आवरण गाभ्यावरून मोकळेपणी लहरतं. तान्ह्या बाळात हे थर वेगळे झालेलेच नसतात. ते हळूहळू तयार होतात आणि वयात येईपर्यंत पुरे होतात.

म्हातारपणी हे थर पुन्हा एकसारखे होत नाहीत, प्रत्येक थर आपापल्या रीतीने बिघडतो. मधले लवचिक धागे विरळ आणि विस्कळीत होतात, त्यामुळे ताणलेला तंतू पूर्वीसारखा झटकन मागे येत नाही. खोलवरचं कोलॅजेन वाढतं, त्याचे धागे एकमेकांत गुंतून घट्ट बसतात, आणि हे पुरुषांत जास्त दिसतं. हे धागे तयार करणाऱ्या, जुने काढून नवे घालणाऱ्या पेशीही मंदावतात. तळाचा स्नायू रोडावतो. स्नायू बारीक झाला की तंतूची कड सरळ राहत नाही, मधोमध खोलगट होते. दोन तंतू मिटले तरी मध्ये फट उरते आणि त्या फटीतून हवा निसटते. बुवांची ओळ मध्येच तुटते ती मुख्यतः या फटीमुळे. फुफ्फुसांचा जोर कमी झालेला असतो, ती भर वेगळीच.

आता बुवांचं कोडं सुटतं. तंतू रोडावला आणि ताठर झाला, की तो नेहमीच्या बोलण्यात जास्त वेगाने थरथरतो, म्हणून बोलणं बारीक. पण वरचा सूर लावायला तंतू लांबवून ताणावा लागतो. धागे घट्ट झालेले, स्वरयंत्राच्या कूर्चा ठिकठिकाणी हाडासारख्या कडक झालेल्या, त्यात मिटणं अर्धवट. मग वरची पट्टी कुठून येणार? आजीच्या बाबतीत पाळी गेल्यावर संप्रेरकं घटतात, वरच्या मऊ थराला सूज येऊन तो जडावतो आणि थरथर संथ होते. म्हणून आवाज खाली जातो.

श्लेष्म पाझरणाऱ्या ग्रंथीही वयाबरोबर कमी काम करतात. बाहेर दमट खारं वारं असलं तरी गळा आतून कोरडा पडतो, आणि बोलण्याआधी खाकरायची सवय लागते. यावर जेष्ठमध, खडीसाखर, आल्याचा काढा हे आपलं ठरलेलं औषध. गरम काढ्याने घशाला बरं वाटतं, हे खरं. पण गिळलेली गोष्ट अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवर पडत नाही. पडली तर जोरदार ठसकाच लागेल. दिवसभर पुरेसं पाणी पिणं त्यापेक्षा कामाचं.

उपाय मात्र आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ नळीच्या कॅमेऱ्याने, लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची लहर बघतात. फट किती आहे ते त्यात दिसतं. बऱ्याच जणांना आवाजाचे व्यायाम पुरतात. त्यातला एक म्हणजे बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून सूर सोडायचा. रोज करावा लागतो आणि लाजायचं नसतं. फट मोठी असेल तर तंतूत भरणीचं इंजेक्शन देतात, किंवा बाहेरून शस्त्रक्रिया करून तंतू मधल्या बाजूला सरकवतात.

पण आवाज घोगरा झाला की "वय झालं" म्हणून सोडून देण्याआधी एकदा तपासून घ्यावं. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर नक्कीच, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर त्याहून लवकर. स्वरतंतूच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा घोगरा आवाज हेच असतं, आणि तेवढ्यावर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.