होयबा पंच

ठाण्यात तलावपाळीजवळ आमचा रविवारचा अड्डा. खेळ असा: प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि गेम मास्टर गोष्ट सांगतो, निवाडे देतो. गेम मास्टर ऐरोलीच्या आयटी पार्कात शिफ्टवर अडकला की हल्ली आम्ही मोबाईल फाशांशेजारी ठेवून चॅटबॉटला सांगतो, "आज तू चालव." सुरुवात झकास होते: धुकं, पडका किल्ला, खोकणारा द्वारपाल. मग पहिल्या लेव्हलचा चोर म्हणतो, "मी ड्रॅगनला जावई करून घेतो." चॅटबॉट म्हणतो, वा, लग्न कधी?

हा होयबा कुठून आला, हे बघायला पंचाचा इतिहास बघावा लागतो. 1824 मध्ये प्रशियाच्या लष्करातल्या रायस्वित्झने क्रीगश्पील हा युद्धखेळ मांडला. त्यात पंच होता, पण नियम आणि तक्ते इतके की बिचारा आकडेमोडीतच बुडायचा. 1876 मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने बहुतेक तक्ते गुंडाळून निकाल पंचाच्या अनुभवावर सोडला. माझ्या मते गेम मास्टर तिथेच जन्मला. ड्रॅगन नंतर आले. 1969 मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन या खेळात प्रत्येकाला एकेक पात्र दिलं, तेव्हा खेळाडू नियमांत नसलेलंच काहीबाही करू लागले आणि त्याला जागच्या जागी निवाडे द्यावे लागले. त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ आणला.

दशावतारातही संवाद लिहिलेले नसतात. पण कथेची चौकट मोडायची नाही, हे नटाला न सांगता कळतं.

संगणक पंच झाला तो आधी खडूस. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या आणि हौसेने गुहा धुंडाळणाऱ्या विल क्राउथरने 1976 च्या सुमारास लिहिलेला 'अ‍ॅडव्हेंचर' हा संगणकावरचा खेळ फक्त एक-दोन शब्दांच्या आज्ञा घ्यायचा. दिव्याशिवाय अंधारात चाललात तर खड्ड्यात पडायची तयारी ठेवा. गयावया त्याला कळतच नसे.

2019 मध्ये निक वॉल्टनच्या 'एआय डंजन' या खेळाने काटा दुसऱ्या टोकाला नेला. त्यामागच्या जीपीटी-2 या मजकूर रचणाऱ्या एआय मॉडेलला काहीही लिहा, पुढची गोष्ट तयार. मात्र एका वेळी त्याला मजकुराचे जेमतेम हजारभर तुकडे दिसत, त्यामुळे मघाशी मेलेला राक्षस पुन्हा दारात उभा. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. अशा मॉडेलना माणसांना पसंत पडतील ती उत्तरं देण्याची तालीम मिळते, आणि पसंतीच्या नादात नकार मागे पडतो.

आम्ही आता फासे स्वतः टाकतो, जखमा वहीत लिहितो, वर्णन तेवढं चॅटबॉटकडे. त्या रविवारी गेम मास्टर ऐरोलीहून लोकलने उशिरा पोचला, वही वाचली आणि बूट काढायच्या आधी लग्न मोडलं.