आकाशाकडे उघडा मंडप : कोल्हापूरची जुनी ओळख

माणसाचा इतिहास आणि वरचे तारे एकाच जागी, शांतपणे बघता यावेत असा चिंतनमंडप ही कल्पना अलीकडे वास्तुरचनेच्या वर्गांतून आणि संग्रहालयांच्या आराखड्यांतून वारंवार डोकावते. तिची उदाहरणं बहुधा परदेशातली दिली जातात. कोल्हापूरकराला एवढं लांब जायची गरज नाही. आकाशाचं गणित दगडात बसवायचं काम इथे आठ-नऊशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

अंबाबाईच्या देवळापासूनच सुरुवात करू. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुडमंडपातून आत येत मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुखकमल अशी चढण सांगितली जाते. या दोन तारखांमागचं कारण सरळ आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो आकाशात एकाच पट्टीवरून जातो आणि दोन्ही वेळा नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १७-१८ अंश दक्षिणेला मावळतो. देवळाचा अक्ष त्या रोखाने असला की किरणोत्सव वर्षातून दोनदाच येणार. फरक एवढाच, की नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकत असतो आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे परतत असतो.

गणित पक्कं असलं तरी किरणांची वाट पक्की नाही. एखादा ढग, हवेतली धूळ, पश्चिमेकडच्या इमारतीवरची टाकी, एवढंही पुरतं. किरणं कमरेपर्यंतच आली, अशी बातमी त्यामुळे अधूनमधून वाचायला मिळते. आकाशाशी जुळवलेली वास्तू तिच्या आवाराबाहेर बरीच लांबवर पसरलेली असते. मंडपाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच निघतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरं उदाहरण शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं खिद्रापूर. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप वरून उघडा आहे. सुमारे १३ फूट व्यासाचं गोल मोकळं छत, त्याच्या काठाला तोलणारे १२ खांब, भोवती वाहनांसह दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आणि बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल रंगशिला, म्हणजे जमिनीवरचा दगडी चौथरा. शिलाहार राजांच्या काळातलं हे काम. होमाचा धूर जायला ही मोकळीक ठेवली असं कुणी सांगतं, तर कुणाच्या मते छत पुरं व्हायचं राहिलं. पण दिक्पालांची मांडणी नीट पाहिली तर काम अर्धवट सोडल्यासारखं वाटत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या झरोक्यावर येतो, म्हणून तिथे गर्दी होते. त्याला चमत्कार म्हणतात. खरं तर ती अक्षांशाची किमया आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १६ ते २१ अंश दक्षिणेला असतो, म्हणजे चंद्र जवळपास तितकाच उत्तरेला. खिद्रापूरचा अक्षांश पावणेसतरा अंश. त्यामुळे मध्यरात्री चंद्र डोक्यावर, किंवा तिथून थोडा इकडेतिकडे. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्याने दर वर्षी तो अगदी मधोमध येत नाही. याच अक्षांशामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्यही थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते.

रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाकार देवळाशी याची तुलना नेहमी होते. तिथला झरोका मोठा, जवळपास ९ मीटरचा. पण रोम ४२ अंशांवर असल्याने तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही; उजेडाची चकती दिवसभर घुमटावरून, भिंतीवरून फिरते. म्हणजे तिथली रचना उचलून इथे आणायची म्हटली, तरी ती इथे वेगळीच वागणार.

खिद्रापूरला यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. याच सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता चांगदेव, म्हणजे ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७च्या सुमारास मठ निघाला, तोही त्याच्याच खटपटीने. खिद्रापूरच्या स्थपतींचा या मंडळींशी संबंध होता असं त्यावरून म्हणता येत नाही. पण आकाश मोजणारी आणि शिकवणारी माणसं त्या काळात दरबारात होती, एवढं नक्की.

पुढच्या शतकांत कल्पनेने बरीच वळणं घेतली. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात जयपूरला २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र, म्हणजे दगडी सूर्यघड्याळ, बांधलं. ते मोजणीचं साधन, चिंतनाची जागा नव्हे. १७८४ साली बुले या फ्रेंच वास्तुकाराने न्यूटनच्या स्मारकासाठी प्रचंड पोकळ गोल काढला. त्याच्या कवचातल्या भोकांतून दिवसाउजेडी आत तारांगण दिसायचं होतं, पण ते कागदावरच राहिलं. नॅन्सी होल्टने १९७३ ते ७६ दरम्यान अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात काँक्रीटचे चार मोठे नळ ठेवले. त्यांचा रोख अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, सूर्योदय-सूर्यास्ताकडे आहे आणि भोकं तारकासमूहांच्या आकारात आहेत.

आता माणसाचा इतिहास. तो कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला. १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. याच टेकाडाने पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्तीही दिली. समुद्र दिसतही नाही अशा पंचगंगेकाठी ती व्यापाराबरोबर आली. टाउन हॉल संग्रहालयात ती पाहताना तारे बघून वाट काढणाऱ्या खलाशांची आठवण झाली नाही तर नवल.

कोल्हापुरात असा मंडप बांधायचा आणि त्यात एकेका ताऱ्याकडे रोखलेली फट ठेवायची म्हटली, तर इतिहास आणि तारे जोडायचा सर्वांत सोपा धागा प्रकाशाचाच. रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षं दूर आहे. आज दिसणारा तिचा उजेड निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतं होत होतं. दक्षिणेला खाली दिसणारा अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर, म्हणजे त्याचा उजेड ताराराणींनी करवीरची गादी उभी केली त्या काळच्या आसपासचा. ध्रुव इथून क्षितिजाच्या जेमतेम १७ अंश वर असतो, तेव्हा उत्तरेची फट बरीच खाली ठेवावी लागेल. अशा फटींखाली उजेड निघाल्याचं नुसतं साल कोरलं तरी पुरे. छताला एलईडीचे तारे चिकटवणाऱ्या मंडपांचा मला मनापासून कंटाळा आहे.

जागेचा प्रश्न सोपा नाही. नदीकाठ मोहक, पण २०१९चा पूर कोण विसरेल? शहरात दिव्यांचा उजेड आहे, पन्हाळ्याकडे रात्र जरा काळी मिळते. आणि जून ते सप्टेंबर इथे आकाश दिसतच नाही. उघड्या छतातून पाऊसच येणार. स्वर्गमंडपात तो रंगशिलेवर पडतो, पँथिऑनच्या फरशीला निचऱ्याची भोकं आहेत. कोल्हापुरात आराखडा काढणाऱ्याने ताऱ्यांच्या फटी आखायच्या आधी या पाण्याचा उतार काढायला घ्यावा.