छत्तीस नंबरची तार: एसडब्ल्यूजी की एडब्ल्यूजी?

१:८७ मापाच्या रेल्वे मॉडेलमध्ये फलाटावरच्या दिव्याचा खांब मी ०.८ मिमी पितळी नळीचा करतो. नळीचं आतलं भोक ०.४ मिमी. त्यातून एलईडीच्या दोन तारा खाली आणायच्या. अमेरिकी मार्गदर्शनात लिहिलं होतं, ‘३६ गेजची इनॅमल तार’. मोटार वाइंडिंगचं सामान मिळतं त्या दुकानात ‘छत्तीस नंबर’ मागितली, दुकानदाराने छत्तीसच दिली. पहिली तार सरकन गेली, दुसरी तोंडाशीच अडली. जोर लावला तर इनॅमल, म्हणजे तांब्यावरचा वीज अडवणारा पातळ थर, खरवडलं आणि तांबं नळीला टेकलं.

दुकानदार बरोबर होता आणि मार्गदर्शनही. फक्त दोघांचे छत्तीस वेगळे होते.

आपल्याकडे वाइंडिंगची तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाने विकतात. ब्रिटनमध्ये ते १८८४पासून कायदेशीर प्रमाण झालं. अमेरिकी लिखाणातलं माप असतं एडब्ल्यूजी. दोन्हींत नंबर वाढला की तार बारीक होते, म्हणूनच घोटाळा पटकन ध्यानात येत नाही. २४ नंबरला फरक किरकोळ आहे: एसडब्ल्यूजी ०.५६ मिमी, एडब्ल्यूजी ०.५१. पण ३६ला एसडब्ल्यूजी ०.१९३ मिमी आणि एडब्ल्यूजी ०.१२७, म्हणजे दीडपट जाडी. इनॅमलचा थर धरून आपल्या दोन तारा शेजारी ठेवल्या की साधारण ०.४४ मिमी होतात. भोक ०.४, मग जाणार कशा? अमेरिकी जोडी ०.३०मध्ये बसते.

तेव्हा अमेरिकी ३६ हवी असेल तर आपल्याकडे ४० नंबर मागा. ती ०.१२२ मिमी असते. दुकानात मायक्रोमीटर नसेल तर पेन्सिलीवर वीस वेढे एकमेकांना चिकटवून घ्या आणि पट्टी लावा. आपली ३६ असेल तर सव्वाचार-साडेचार मिमी भरेल, अमेरिकी ३६ किंवा आपली ४० असेल तर तीनच्या आसपास. नंबरापेक्षा मिलिमीटरवर भरवसा ठेवा, हे मी कळकळीने सांगतो.

इतक्या बारीक तारेला करंट झेपेल का, ही शंका रास्त आहे. ४० एसडब्ल्यूजीचा रोध मीटरला सुमारे दीड ओहम. एक एलईडी १० मिलिअँपिअरवर चालवला आणि जाऊन-येऊन दोन मीटर तार धरली, तर व्होल्टेज जेमतेम ०.०३ने पडतं. डोळ्याला काहीच कळत नाही. मात्र सगळ्या दिव्यांना वीज पुरवणारी मुख्य वायर म्हणून हीच तार टाकू नका. समांतर जोडलेले साठ एलईडी म्हणजे ०.६ अँपिअर, आणि जाऊन-येऊन चार मीटरला साडेतीन व्होल्ट तारेतच जातील. टोकाचे दिवे मंद दिसतील, तारही तापेल. फळीखालून अर्धा चौरस मिमीची साधी वायर फिरवा आणि प्रत्येक खांबाची बारीक तार तिथे उतरवा. करंट आवरणारा रेझिस्टर मात्र प्रत्येक एलईडीला वेगळा.

जोडताना टोकाचं इनॅमल काढायला विसरू नका. वाइंडिंगच्या तारेचं इनॅमल बऱ्याचदा सोल्डरिंगच्या उष्णतेनेही जळत नाही. बारीक पॉलिश पेपर दुमडून त्यात टोक धरा आणि फिरवत ओढा. तपकिरी चकाकी जाऊन गुलाबी तांबं दिसलं, की लगेच कथील लावा.